गाडी, गाळी आणि मामांचा हिशेब

आपल्या सीमाभागातील मराठी मुलांना कन्नड शिकताना एक गंमत हमखास भेटते. वाऱ्याला कन्नडमध्ये 'गाळी' म्हणतात आणि गाडीला 'गाडी'च म्हणतात. फरक एका अक्षराचा. मराठी शाळेतून आलेली मी पहिल्या वर्षी या दोहोंत गोंधळ करीत असे आणि वर्गात हशा पिकत असे. ही गाडी आणि ही गाळी एकमेकींशी किती झगडतात, आणि त्या झगड्याचे बिल कोण भरतो, हे मात्र मला गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत समजले. म्हणून हा लेखप्रपंच. विषय वाणिज्य शाखेचा नव्हे असे कोणी म्हणेल. म्हणावे, पण लेख वाचून झाल्यावर.

माझे मामा भालकी तालुक्यातले. धंदा भांड्यांचा. स्टीलच्या घागरी, ॲल्युमिनियमची पातेली, प्लास्टिकच्या बादल्या आणि टोपल्या घेऊन ते भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, कमलापूर, आळंद असे आठवडी बाजार करतात. त्यांच्याकडे मालवाहू नोंदणीची एक जुनी ओम्नी आहे. (ही गाडी १९८४ साली बाजारात आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. आपल्याकडच्या रस्त्यांवर ती अद्याप थांबायला तयार नाही.) भांड्यांच्या धंद्यात वजन कमी आणि आकार मोठा. घागर म्हणजे निम्मी हवाच. त्यामुळे आतली जागा भरली की उरलेला माल टपावरच्या कॅरिअरवर चढतो, त्यावर ताडपत्री आणि त्यावर दोरी. गाडी हुमनाबादच्या चौकात वळते तेव्हा लांबून एखादा उंट येतो आहे असे वाटते.

मामेभाऊ आय.टी.आय. झालेला, वेल्डर. त्याने मार्च महिन्यात घरात जाहीर केले की, टपावरचे हे ओझे काढून गाडीच्या मागे एक ट्रेलर लावायचा. साधा चौकोनी नव्हे, तर मागे निमुळता होत जाणारा, माशाच्या शेपटीसारखा, जेणेकरून गाडीमागे वारा घोटाळणार नाही आणि पेट्रोल वाचेल. मामा जेवत होते. ते म्हणाले, "वारा काय पैसे मागलालाय का रे?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचे काम माझ्याकडे आले, कारण घरात हिशेब शिकणारी मी एकटीच.

वारा पैसे मागतो. त्याची खूण रोज डोळ्यांपुढे असते, आपण तिकडे लक्ष देत नाही. कच्च्या रस्त्यावरून ओम्नी अथवा एस.टी. गेली की तिची पुढची काच जितकी मळते त्यापेक्षा मागची काच कितीतरी अधिक मळते. धूळ तर गाडीच्या मागे पडलेली असते, मग ती धावत्या गाडीला मागून येऊन कशी चिकटते? कारण चौकोनी डबा वेगाने पुढे जाताना त्याच्या कडांवरून हवा सुटते आणि मागे एक पोकळीसारखी जागा राहते. तेथे हवेचा दाब कमी असतो, भोवरे फिरत असतात, आणि ते भोवरे धूळ उचलून काचेवर आणून टाकतात. हाच कमी दाब गाडीला मागे खेचत असतो. म्हणजे गाडीचे इंजिन पुढची हवा ढकलते आणि मागची पोकळीही सोबत ओढत नेते. मामेभावाचे म्हणणे असे की ही पोकळी ट्रेलरच्या अंगाने भरून काढायची.

कल्पना वेडगळ नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले, काही महिन्यांत तेलाचा भाव चौपट झाला आणि साऱ्या जगाला पेट्रोलचा थेंब मोजावा लागला. त्याच सुमारास अमेरिकेच्या नासा संस्थेच्या कॅलिफोर्नियातील उड्डाण-संशोधन केंद्रात एडविन साल्ट्झमन नावाचे अभियंते होते. ते सायकलवरून कामावर जात. शेजारून मोठा ट्रक गेला की आधी वारा बाजूला ढकलतो आणि मग आत खेचतो, हे त्यांच्या अंगाने टिपले. आपल्यापैकी हायवेवरून सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाच्या अंगाने ते टिपलेले आहे, पण आपण शिवी देऊन पुढे जातो. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जुनी व्हॅन घेतली, तिला ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून बुटाच्या खोक्यासारखा आकार दिला, आणि मग एकेक कोपरा गोल करीत मोजमाप केले. उभे कोपरे गोल करताच हवेचा रोध ४० टक्क्यांनी उतरला. उभे-आडवे सर्व कोपरे गोल केल्यावर ५४ टक्क्यांनी. आणि त्यासाठी आतली जागा गेली अवघी ३ टक्के. विमाने बनविणाऱ्यांनी पत्रा आणि रिबेट वापरून केलेला हा प्रयोग एखाद्या गॅरेजात शोभण्यासारखा होता. मामेभावाला मी तो सांगितला ही माझी चूक झाली. त्या दिवसापासून तो कोणाचे ऐकेना.

आता हिशेब. बारावीपर्यंत मी विज्ञान मराठीतून शिकले नाही, दहावीपर्यंतच शिकले, पण घर्षण, बल, न्यूटन एवढी शिदोरी पुरली. बाकीचे विज्ञान शाखेतील एका मैत्रिणीने कन्नडमधून समजावले आणि सूत्र इंग्रजीत लिहून दिले. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर रोध चौपट. चाकांचे रस्त्याशी जे घर्षण असते ते मात्र वेगाने फारसे वाढत नाही, ते वजनावर अवलंबून असते. आम्ही भरलेली गाडी १,२०० किलोची धरली, तिची समोरची बाजू आणि चौकोनी आकार लक्षात घेतला, आपला बीदर-भालकीचा पठारी भाग समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास असल्याने हवा किंचित विरळ धरली. ढोबळ उत्तर असे आले: चाकांचा रोध सुमारे १५० न्यूटन. हवेचा रोध ताशी ४० किलोमीटर वेगाला सुमारे ७०, ताशी ६० ला १५०, आणि ताशी ८० ला २७०.

हे आकडे पाहून मी मामेभावाला कडब्याच्या बैलगाडीची आठवण दिली. कडब्याची गाडी घराएवढी रुंद भरतात आणि तिला कोणी माशाचा आकार देत नाही, कारण बैलाच्या चालीला वारा आड येतच नाही. ताशी ४० च्या खाली आपलीही गाडी बऱ्याच अंशी बैलगाडीच. आणि भालकी ते हुमनाबाद रस्त्यावर गावे, गतिरोधक, म्हशी, शेळ्या आणि उसाचे ट्रॅक्टर सांभाळत मामांचा सरासरी वेग किती पडत असेल?

समजा, निमुळत्या ट्रेलरने हवेचा रोध पाचव्या हिश्श्याने घटला. ट्रेलरचे स्वतःचे वजन १५० किलो, म्हणजे त्याच्या चाकांचा रोध सुमारे २० न्यूटन. ताशी ४० ला हवेत वाचले १४ आणि चाकांत गेले २०. चक्क तोटा. ताशी ६० ला वाचले ३०, गेले २०, नफा १०, म्हणजे एकूण ३०० मध्ये तीन टक्के. ताशी ८० ला आठ टक्के. पण भरलेला ट्रेलर बांधून जुनी ओम्नी ताशी ८० ने कोणी चालवू नये, आणि चालवली तर वाचलेले पेट्रोल दवाखान्यात भरावे लागेल.

शिवाय शेपटी किती लांब हवी? हवा कडेला चिकटून राहावी म्हणून उतार फार हळू द्यावा लागतो, दहा-बारा अंशांचा. ओम्नी १.४ मीटर रुंद. दोन्ही बाजूंनी बारा अंशांनी निमुळती करीत टोकाला आणायची तर ३.३ मीटर लांबी लागते, म्हणजे जवळजवळ ओम्नीइतकीच. मागे आणखी एक ओम्नी. जर्मनीतील वुनिबाल्ड काम या संशोधकाने १९३० च्या दशकात यावर तोड काढली होती: शेपूट थोडीशी निमुळती करून सरळ कापून टाकावी, बराचसा फायदा राहतो. परंतु ती शेपूट गाडीच्या अंगाचाच भाग होती. ट्रेलरला वळायचे असते, म्हणून गाडी आणि ट्रेलर यांच्यात फट ठेवावी लागते, आणि त्या फटीत हवा शिरून पुन्हा घोटाळतेच. रबरी पडदा लावू, असे मामेभाऊ म्हणाला. लाव.

मामा आठवड्याला सुमारे ३०० किलोमीटर फिरतात. गाडी लिटरला बारा किलोमीटर देते, म्हणजे २५ लिटर. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या पुढे आहे, आपण हिशेबासाठी शंभरच धरू. आठवड्याला २,५०० रुपये, वर्षाला सव्वा लाख. त्याचे तीन टक्के ३,७५० रुपये. ट्रेलरचा खर्च मामेभावाच्या अंदाजाने २८,००० रुपये, मजुरी सोडून, कारण मजुरी तो स्वतःच. भांडवल फिटायला सात वर्षांहून अधिक काळ. तोवर घसारा ट्रेलरला खाऊन बसेल. (घर्षण आणि घसारा हे दोन्ही शब्द एकाच शेजारात राहतात हे आमच्या हिशेबशास्त्राच्या पुस्तकात कोणी लिहीत नाही.)

येथे मी वही मिटून विजयी मुद्रेने मामेभावाकडे पाहिले. पण तो वेल्डर असला तरी माझ्यापेक्षा चांगला हिशेबनीस निघाला. तो म्हणाला, "तू टपावरचा माल धरलाच नाहीस."

खरेच धरला नव्हता. टपावर चढवलेला माल समोरून येणाऱ्या वाऱ्यापुढे आणखी एक भिंत उभी करतो. गाडीच्या समोरच्या क्षेत्रात निम्म्याने भर. ताशी ६० ला हवेचा रोध १५० न्यूटन नव्हे, २३० च्या घरात. म्हणजे आज मामांची गाडी एकूण ३८० न्यूटनांशी झगडते आहे, आणि तो माल ट्रेलरमध्ये, गाडीच्या सावलीत गेला तर फक्त २९० शी. शेपटीचा फायदा त्यात थोडका; खरा फायदा टप मोकळा होण्याचा. माशाची शेपटी हे निमित्त, उंटाचे कुबड हेच खरे दुखणे.

तेव्हा आम्ही मोजायचे ठरवले. दोन आठवडे नेहमीप्रमाणे माल टपावर बांधून, दोन आठवडे टप अगदी मोकळा ठेवून. दर वेळी त्याच पंपावर टाकी काठोकाठ भरायची आणि मीटरचा आकडा वहीत लिहायचा. मामा कुरकुरले, पण त्यांनी वही इमानाने भरली. टपावर माल असता लिटरला १२.२ किलोमीटर. टप मोकळा असता १३.८. दोन-दोन आठवड्यांच्या मोजणीला शास्त्र म्हणता येणार नाही, वाऱ्याची दिशा आम्ही पाहिली नव्हती आणि एकदा मामा लग्नाला वेगळ्याच वाटेने गेले होते. तरी आठवड्याला तीन लिटरच्या आसपास, वर्षाला चौदा हजारांच्या वर. हा आकडा ऐकून मामांनी ताट बाजूला सारले आणि वही मागून घेतली.

मग ट्रेलर का करू नये? दोन वर्षांत भांडवल फिटते आहे. येथून पुढचा भाग वाऱ्याचा नाही, कायद्याचा आहे, आणि माझे मत मुख्यतः त्याविषयीच आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गाडीमागे ओढायचा ट्रेलर हेही एक वाहनच. त्याची नोंदणी हवी, नोंदणीसाठी मान्यताप्राप्त बनावट हवी, आणि गाडीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार केलेला चालत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केले की, उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत. बिननोंदणीच्या वाहनाला पहिल्या गुन्ह्यास पाच हजारांपर्यंत दंड. विम्याची गोष्ट त्याहून वाईट: अपघात झाला तर भरपाई मामांच्या घरादारावर. नमुन्याच्या चाचण्या करणाऱ्या संस्था मोठ्या कारखान्यांसाठी आहेत. पुण्याची ए.आर.ए.आय. १९६६ पासून हे काम करते, पण एकच ट्रेलर करणाऱ्या वेल्डरने तिच्या दाराशी जावे असा तो मार्गच नव्हे.

दत्तात्रय लोहार यांची गोष्ट बहुतेकांनी वाचली असेल. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील या कारागिराने भंगारातून, साठ हजारांच्या आसपास खर्चून, पायाने किक मारून सुरू होणारी छोटी जीप मुलासाठी तयार केली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, आणि त्याच वेळी हेही म्हटले की ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या रस्त्यावरून थांबवली जाईल. तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत दिली. लोहार कुटुंबाचे भले झाले, याचा आनंदच आहे. परंतु मला त्या बातमीने थोडी खंत वाटली. कारागिराच्या हातात तयार गाडी आली आणि त्याने केलेली गाडी शोभेची झाली. तिच्यातले काय चांगले, काय धोक्याचे, हे त्याच्या शेजारी बसून कोणी त्याला समजावले असते तर? बक्षीस मिळाले, शेरा मिळाला नाही.

कायदा नको, असे मी म्हणत नाही. म्हणणार होते. मामेभावाने ट्रेलरची चौकट जोडली, दोन चाके बसवली, आणि आम्ही तो शेताच्या वाटेवर, आमच्याच रानात, विटा भरून ओढून पाहिला. विटा पुढच्या बाजूला असताना ट्रेलर शहाण्यासारखा मागे आला. मग बाजारात माल विकत गेल्यावर काय होईल हे पाहण्यासाठी पुढच्या विटा काढल्या, मागच्या ठेवल्या. ताशी तीसला त्याने डावी-उजवीकडे शेपूट हलवायला सुरुवात केली, पहिल्यांदा हळू, मग ओम्नीचे ढुंगणही हलू लागले. मामेभावाने ब्रेक न दाबता वेग सोडला म्हणून बरे. नंतर वाचनात आले की ट्रेलरच्या वजनाचा दहावा हिस्सा तरी पुढे, जोडणीच्या आकड्यावर, असावा लागतो; ओझे चाकांच्या मागे गेले की ट्रेलर नाचतो. बाजारकरी माणूस माल मागच्या दारातून विकतो की पुढच्या, यावर त्याचा जीव अवलंबून. ही गोष्ट कायद्याच्या कलमात वाचून आम्हाला कळली नसती. पण रस्त्यावर कळली असती तर हा लेख कोणी लिहिला असता?

तेव्हा कायदा हवा. परंतु तो सर्वांना सारखा हवा. गाळपाच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात रात्री प्रवास केलेल्यांना मी काय सांगावे? एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर, मागे दिवा नाही, लाल चकाकणारी पट्टी नाही, असली तर उसाखाली झाकलेली. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्या ट्रेलरकडे साऱ्या व्यवस्थेने डोळेझाक करायची, कारण कारखाना चालला पाहिजे. आणि १५० किलोचा ट्रेलर घेऊन विचारायला गेलेल्या पोराला दारातूनच परत पाठवायचे, हा कोठला न्याय? मामेभाऊ कागदपत्रांची चौकशी करायला एका कार्यालयात गेला होता. तेथील माणसाने चित्राकडे पाहिलेही नाही. "कंपनीचा घे" एवढेच म्हणाला, आणि कन्नडमध्ये शेजाऱ्याला काहीतरी बोलला, जे मामेभावाला कळत नसेल असे त्याला वाटले.

आणि दोष केवळ कार्यालयांना का द्यावा? कलबुर्गीचे पी.डी.ए. अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८ पासून उभे आहे, बीदर आणि भालकी येथेही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्या इमारतींत आमच्या ट्रेलरची तपासणी करू शकतील अशी माणसे आणि यंत्रे आहेत. वर्षातून दोन दिवस जरी फाटक उघडले आणि सांगितले की ज्याने घरी काही बनवले आहे त्याने घेऊन यावे, विद्यार्थी मोजतील, प्राध्यापक दोष दाखवतील, तर परवाना नाही मिळाला तरी शेरा मिळेल. मात्र ती तपासणी मराठी आणि कन्नडमधून बोलणारी हवी. मामेभावाला वेल्डिंगची प्रत्येक खुबी कन्नडमधून येते, बाजार मराठीतून येतो, आणि ज्या विषयाची त्याला गरज होती तो मात्र इंग्रजी पुस्तकात कडी लावून बसला आहे. आमच्या मैत्रिणीने पाठ केलेले सूत्र पहिल्यांदा एखाद्या खऱ्या गाडीला लावले ते आमच्या अंगणात, असे ती स्वतःच म्हणाली. विज्ञान शाखेने हे मनावर घ्यावे. वाणिज्य शाखेनेही घ्यावे, कारण आम्ही तीन वर्षे ज्या कारखान्यांचे ताळेबंद जुळवतो ते सारे कल्पित असतात, आणि गावातल्या एकाही बाजारकऱ्याची वही आम्ही उघडून पाहिलेली नसते.

मामांनी तोडगा निराळाच काढला. त्यांनी हुमनाबाद आणि आळंद येथे ओळखीच्या दुकानांच्या मागे दरमहा तीनशे-तीनशे रुपयांनी एकेक खोली घेतली. बादल्या एकात एक बसवून तेथे ठेवल्या, टपावरचे कॅरिअर काढून टाकले. वर्षाचे भाडे ७,२०० रुपये, पेट्रोलची बचत चौदा हजारांच्या वर, उरलेले सात हजार घरात. भांडवल शून्य. मामेभावाचे म्हणणे, भाडे जन्मभर जाणार, ट्रेलर दोन वर्षांत फुकट झाला असता. दोघांचाही हिशेब बरोबर आहे. मी मामांच्या बाजूने मत दिले आणि महिनाभर मामेभाऊ माझ्याशी बोलला नाही.

ट्रेलरची चौकट अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे. मागे निमुळता होत गेलेला पत्रा दुपारी तापतो, संध्याकाळी त्यावर शेळ्यांची पिले चढतात. भंगारवाला किलोने मागून गेला, मामांनी दिली नाही. दिवाळीनंतर मामेभाऊ पुण्याकडे, चाकणला, एका कारखान्यात वेल्डर म्हणून जाणार आहे. जाताना त्याने माझ्याकडून हिशेबाची ती वही मागून घेतली आहे.